मुंबईचे गोठलेले भाडे

गिरगावातून किंवा लालबागेतून जाताना जुन्या चाळींच्या सज्जांखाली लाकडी टेकू दिलेले दिसतात. तात्पुरते म्हणून लावलेले हे टेकू वर्षानुवर्षे तसेच राहतात, आणि बिऱ्हाडकरू त्यांना कपडे वाळविण्याच्या दोऱ्या बांधतात. घरमालक दुरुस्ती का करीत नाही, आणि भाडेकरू अशी जागा सोडून का जात नाही, हे दोन प्रश्न आपण निरनिराळे विचारतो. वस्तुतः दोहोंचे उत्तर एकाच कायद्यात आहे; आणि तो कायदाही मुळात टेकूच होता.

पहिल्या महायुद्धात बांधकामाचे सामान महागले, नवी घरे उठेनाशी झाली, आणि शहरात येणाऱ्या माणसांचा ओघ तर चालूच होता. भाडी भडकली. तेव्हा 1918 साली मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. युद्धकालीन निर्बंध हे शब्द त्याच्या नावातच होते. पुढे तो उठला. दुसरे महायुद्ध सुरू होताच 1939 मध्ये नवा कायदा आला, 1944 मध्ये आणखी एक, आणि शेवटी 1947 चा प्रसिद्ध मुंबई भाडे कायदा. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे शहरात येत असताना, 13 फेब्रुवारी 1948 रोजी तो अमलात आला. त्या दिवसांत असा कायदा न करणारे सरकार निर्दयच म्हणावे लागले असते. आम्हाला त्यात काही चूक दिसत नाही.

चूक झाली ती तारखेची. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे असेल तेच सामान्यतः प्रमाण भाडे, असे ठरले. कायद्याची मुदत पुनःपुन्हा वाढत गेली, भाड्याची तारीख मात्र जागची हलली नाही. समजा, एका खोलीचे भाडे त्या दिवशी दहा रुपये होते. वाढलेले कर भाड्यात धरण्याची मुभा मालकाला होती. तथापि मूळ दहा रुपये दहाच राहिले. चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी यांना कोणी 1940 मध्ये थांबविले नव्हते. दुरुस्तीची जबाबदारी कायद्याने मालकावरच ठेविली होती. सर्वच मालक काही शेठ नव्हते. चार खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणारी एखादी विधवाही त्यांत होती. तिने छप्पर कशातून शाकारावे?

भाडेकरूचीही कोंडी काही कमी नव्हती. जागा सोडली की दुसरी त्या भाड्यात मिळणे अशक्य. म्हणून मुले वाढली, सुना आल्या, तरी तीच खोली. सोडायचीच झाली तर नव्या माणसाकडून पागडी घ्यायची, आणि तीत मालकाचाही वाटा असायचा. 1947 च्या कायद्याने पागडी हा गुन्हा ठरविला होता. साऱ्या शहराने तो बिनबोभाट केला, आणि 1999 च्या कायद्याने अखेर पागडीला मान्यता दिली. दरम्यान 1973 मध्ये, त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीला परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. याचा धडा घरवाल्यांनी असा घेतला की, जागा रिकामी ठेवावी, कुलूप लावावे, पण परक्याला देऊ नये. राहत्याचे रक्षण झाले. येणाऱ्याला दार बंद झाले.

पडझड वाढली तेव्हा सरकारने 1969 साली दुरुस्ती मंडळ काढले व जुन्या इमारतींवर उपकर बसविला. अशा इमारती होत्या 19 हजारांहून अधिक. मंडळाने कित्येक घरे सावरली, परंतु खर्चाला मर्यादा होती आणि इमारतींच्या वयाला नव्हती. 31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली. तिला धोकादायक ठरवून वर्षे लोटली होती.

गोठलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये म्हटले; मात्र कायद्याची मुदत मार्च 1998 अखेर संपणारच होती म्हणून तो रद्द केला नाही. राज्याने मुदत वाढविली, आणि 1999 चा नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू केला. त्यात मोठ्या कंपन्या व बँका संरक्षणातून वगळल्या, हे योग्यच झाले. बाकीच्यांना दरसाल चार टक्के वाढ. आपल्या दहा रुपयांना ती लावून पाहा: पंचवीस वर्षे चढत गेली तरी रक्कम तीस रुपयांच्या आत राहते. या पैशांत आज एक विटही नीट बसवून मिळणार नाही.

1986 मध्ये आणखी एक वाट काढण्यात आली होती. उपकर भरणाऱ्या इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था काढावी, सरकारने इमारत संपादन करून त्यांना द्यावी, आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळावी. म्हणजे आमच्या उदाहरणातील खोलीचे हजार रुपये. मालक न्यायालयात गेले. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे आले, आणि खाजगी मालकीची प्रत्येक वस्तू ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असा बहुमताचा निर्णय 5 नोव्हेंबर 2024 रोजी लागला. त्या शंभरपटीचे काय करायचे, हा मूळ प्रश्न मात्र त्यांनी सोडविला नाही. तो नेहमीच्या पीठाकडे राहिला.