दहा सेकंदांचा संसार

मावशीच्या घरी दुधाच्या हिशेबाची एक पाटी भिंतीला टांगलेली असे. दूध एका कोपऱ्यात, बाकीची पाटी काकांची. कामावर निघताना ते तिच्यावर रात्रीच्या जेवणाची जाहिरात लिहून जात. ‘आज पुन्हा दुधी! चव जुनीच, आशा नवी.’ किंवा ‘थालीपीठं फक्त सहा. मागच्या वेळी हात हलवत परतलेल्यांनी धडा घ्यावा.’ मावशी शाळेत मराठी शिकवायची. संध्याकाळी आली की आधी खडू घेऊन त्यातलं शुद्धलेखन सुधारायची, आणि मगच दुधी चिरायला घ्यायची.

काका फोर्टातल्या एका एजन्सीत मराठी कॉपी लिहायचे. म्हणजे नेमकं काय करायचे, हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही. जावई बँकेत असता तर चारचौघांत सांगायला सोपं गेलं असतं. लग्नाच्या बोलणीत काकांनी म्हणे तिची समजूत घातली होती, की शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत जावी म्हणून, आणि त्याचंच पुढे घरोघरी वाचलं जाणारं मासिक झालं. ‘तेव्हा मी नांगर विकतो असंच समजा.’ आजीनं वऱ्हाडाला सांगितलं, जावई शेतीच्या अवजारांच्या कंपनीत आहेत. हा किस्सा मावशीचा. आई म्हणते, आजी इतकी भोळी मुळीच नव्हती. तिनं मुद्दाम सांगितलं.

त्या काळातल्या मुंबईच्या जाहिरातींच्या ज्या गोष्टी आज सांगितल्या जातात, त्या बहुतेक इंग्रजीतल्या. १९६६मध्ये आलेली अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी, तिचे होर्डिंगवरचे वात्रटपणे, हे सगळ्यांना माहीत. मराठीवाल्यांच्या टेबलावर जाहिरात यायची ती क्लायंटनं इंग्रजीत पास केल्यानंतर. चित्र ठरलेलं, मथळ्याची जागा ठरलेली. त्या जागेत वेलांट्या, मात्रा, रफार, खालचे उकार आणि शिवाय अर्थ, एवढं सगळं बसवायचं. उकार चित्रात शिरला की आर्टिस्ट ओरडणार, ब्लॉक नव्यानं करायची पाळी आली की मॅनेजर. १९६२मध्ये साहित्य महामंडळाच्या नव्या नियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार हद्दपार केले, तेव्हा काका पेढे घेऊन घरी आले होते. मावशीला फार वाईट वाटलं. पेढा मात्र तिनं खाल्ला.

त्यांचे खरे दिवस आले ते १ नोव्हेंबर १९६७ला. विविध भारतीवर मुंबई-पुणे-नागपूरहून जाहिराती सुरू झाल्या. तोवर रेडिओवरची जाहिरात म्हणजे रेडिओ सिलोन, आणि तीही बहुतेक हिंदी. आता मराठी बोलायला जागा मिळाली, पण ती सेकंदांवर विकलेली. दहा सेकंदांत वीसेक शब्द, त्यात मालाचं नाव दोनदा यायलाच हवं. एजन्सीत इंग्रजी बोलणाऱ्यांसमोर मराठी ओळीची परीक्षा कशी घेणार? म्हणून रात्री स्वयंपाकघरात परीक्षा. मावशी पोळ्या लाटता लाटता कागदावरचं मोठ्यानं वाचायची, काका मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे.

‘बारा झाले. फार सावकाश वाचतेस.’

‘मी बायका बोलतात तशी बोलतेय. तू लिहिलंयस ते रेसच्या घोड्यासाठी. “आणि म्हणूनच” असं पोळी लाटताना कोण बोलतं?’

‘आणि म्हणूनच’ जायचं. कधी एखादं विशेषण जायचं, कधी अख्खी ओळ. सासूबाई दारात आल्या की दोघंही एकदम बदलायची. ‘अहो, आणखी वाचू का?’ असं मावशी अदबीनं विचारायची. आई तेव्हा शिकायला त्यांच्याकडेच राहत होती. ती सांगते, त्या ‘अहो’ला काका इतके हसायचे की घड्याळाचा हिशेब चुकायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

त्याच धंद्यात अरुण कोलटकर होते, याचा काकांना कोण अभिमान! १९७७ साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ आल्या तेव्हा त्यांनी पुस्तक ऑफिसभर फिरवलं. स्वतः त्यांनी कधी कवितेच्या वाटेला पाऊल टाकलं नाही. मनात मोठी कादंबरी दडवून पोटासाठी साबण-तेल विकणारा दुःखी लेखक, अशी जाहिरातवाल्याची एक छबी आपण फार लाडानं जपतो. काका त्यातले नव्हते. त्यांची हौस पाटीवर आणि सोसायटीच्या गणपतीत वर्गणी बुडवणाऱ्यांसाठी लिहिलेल्या सूचनांवर पुरेपूर फिटत होती. १९७६च्या जानेवारीपासून दूरदर्शनवर जाहिराती लागल्या, त्यावर मात्र ते कुरकुरायचे: चित्रच सगळं बोलायला लागलं, आता आम्ही फक्त दुकानाचा पत्ता सांगायचा.

ते गेले तेव्हा पेपरात द्यायच्या मजकुरातलं ‘दुःखद’ मावशीनं स्वतः खोडलं. पुतण्या बिचकला. ती म्हणाली, ‘निधन आहे म्हटल्यावर ते कळतं. उगीच शब्दाचे पैसे कशाला?’

तेराव्याला एजन्सीतले म्हातारे जमले. अर्ध्या तासात हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत जात होता. मग एका खोबरेल तेलाच्या ओळीवरून जुंपली. जाहिरातीखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं, त्यामुळे पुरावा कुणाकडेच नाही. चित्रकार म्हणत, ओळ मी सुचवली, ह्यानं फक्त लिहून काढली. रेकॉर्डिंगवाले म्हणत, स्टुडिओत माझ्यासमोर बदलली. तिसऱ्यांना तर ती मुळात दुसऱ्याच तेलाची आठवत होती.

मावशी लाडवांचं ताट घेऊन बाहेर आली. ‘ओळ तुमच्यापैकी कुणाचीही असू दे,’ ती म्हणाली, ‘तिच्यात आधी आणखी तीन शब्द होते. ते मी काढलेत.’