दोन हिवाळ्यांची एक चूल

कॅलिफोर्नियातील आपल्या डब्लिन नगरीत मार्गशीर्ष महिना उजाडला म्हणजे सृष्टीचे रूप पालटते. उन्हाळाभर वाळलेल्या गवताने पिवळ्या पडलेल्या टेकड्या पहिल्या पावसानंतर हिरवा शालू नेसतात, पहाटे खोऱ्यात धुके उतरते आणि सायंकाळी पाच वाजण्याच्या आतच सूर्य मावळतो. अशा वेळी दिवसभराच्या उद्योगाने शिणलेले कुटुंब घरी परतते आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या लसणीच्या फोडणीच्या वासाने सर्वांची पावले आपोआप तिकडे वळतात. हिवाळ्यातील घरच्या जेवणाचे हे सुख कोणत्याही देशात सारखेच आहे. तथापि आपल्यासारख्या कुटुंबांत, म्हणजे ज्यांचे पूर्वज करार करून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले आणि ज्यांचे वंशज पुढे या किनाऱ्यास लागले त्यांच्या घरांत, या जेवणास एक इतिहासही आहे. तो थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

हा विषय सुचण्यास एक लहानसा प्रसंग निमित्त झाला. गेल्या संक्रांतीच्या सहभोजनात मॉरिशसहून आलेल्या एका वृद्ध बाईंनी शेवग्याच्या पाल्याच्या कढणाचे पातेले आणले होते. मेजावर तिळगूळ, भोगीची भाजी, बाजरीच्या भाकरी असे पदार्थ मांडलेले पाहून त्यांनी ते पातेले अगदी कडेला ठेवले आणि हळूच म्हणाल्या, “आमचं हे काही खरं मराठी जेवण नव्हे हो, हे मळ्यावरचं.” त्या वाक्यात नम्रता होती, पण थोडी लाजही होती. ती लाज योग्य आहे काय, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस प्रथम कोकणच्या चुलीपाशी गेले पाहिजे.

मुंबईहून मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांत रत्नागिरी आणि तिच्या आसपासच्या मुलखातील माणसे पुष्कळ होती. हा प्रदेश डोंगराळ आणि कातळाचा. भाताची खाचरे लहान, आणि वरकस जमिनीत नाचणी व वरी. आश्विन-कार्तिकात भात कापून झाले की त्याच खाचरांतील उरलेल्या ओलीवर वाल आणि कुळीथ पेरावयाचे, ही तेथील जुनी रीत. त्यामुळे कोकणातील हिवाळ्याचे जेवण या पिकांनीच ठरविलेले असे. सकाळी नव्या तांदळाची ऊन पेज, दुपारी नाचणीची भाकरी, रात्री मऊ भात आणि त्यावर कुळथाची पिठी. भाजलेल्या कुळथाचे पीठ पाण्यात कालवावयाचे, लसणीची फोडणी द्यावयाची, आंबटपणास दोन आमसुले टाकावयाची आणि पातळ, वाफाळती पिठी भातावर ओतावयाची. कुळीथ उष्ण, म्हणून थंडीत तो मुद्दाम खावा, असे वडीलधारी माणसे सांगत. उत्तरेकडे कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, वालाच्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके पालथे घालून, भोवती जाळ करून जी ‘पोपटी’ शिजवितात तीही थंडीच्या रात्रीचीच मौज होय. गरिबीचे जेवण हे खरे, परंतु ऋतू, शेत आणि चूल यांचा त्यात पूर्ण मेळ होता.

हा मेळ तुटला तो समुद्रापलीकडे. मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपुष्टात आली. मळेवाल्यांनी त्या आधीच हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून कलकत्त्याकडील ३६ मजूर पोर्ट लुईस येथे उतरले होते. पुढे गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे ही वाहतूक काही काळ बंद ठेवावी लागली, आणि १८४२ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा मोकळी झाली. त्या बेटावर एकंदर सुमारे साडेचार लाख माणसे नेली गेली. मुंबईहून गेलेल्यांचा वाटा त्यांत लहान होता. पोर्ट लुईसच्या धक्क्यावर १८४९ पासून जे इमिग्रेशन डेपो होते, तेथील दगडी पायऱ्या चढून आपले पूर्वज त्या भूमीवर आले. ते ‘आप्रवासी घाट’ हे स्थान २००६ साली जागतिक वारशांच्या यादीत समाविष्ट झाले, हे वाचकांस ठाऊक असेलच.

मळ्यावर वेतन दरमहा सुमारे पाच रुपये आणि त्याखेरीज शिधा. शिध्यात तांदूळ, थोडी डाळ, मीठ, तेल किंवा तूप आणि कधी खारवलेला मासा. आता या यादीकडे कोकणच्या गृहिणीच्या दृष्टीने पाहा. तिच्यात नाचणी नाही, कुळीथ नाही, आमसूल नाही. बेटावरील उत्तम जमीन उसाखाली गेलेली, आणि खाण्याचा तांदूळसुद्धा जहाजाने बाहेरून यावयाचा. म्हणजे ज्या वस्तूंवर तिचा स्वयंपाक उभा होता त्यांपैकी बहुतेक वस्तू मुंबईच्या धक्क्यावरच मागे राहिल्या होत्या. तिच्यापाशी उरली होती ती फक्त रीत.

पण ही रीतच तिच्या कामास आली. कुळथाच्या पिठीऐवजी मसूर पातळ शिजविली, आमसुलाच्या जागी चिंच किंवा ‘पोम दामूर’ म्हणजे टोमॅटो आला, लसणीची फोडणी मात्र तीच राहिली. झोपडीच्या मागे जो हातभर तुकडा मिळे त्यात तिने शेवगा, अळू, भोपळा लावला. त्यांचा पाला तेथील क्रिओल बोलीत ‘ब्रेद’ म्हणून ओळखला जातो. शेवग्याचा तो ‘ब्रेद मुरूम’ आणि अळूचा तो ‘ब्रेद सोंज’. हा पाला कांदा, लसूण, आले घालून भरपूर पाण्यात उकळला की ‘बुयों’ म्हणजे कढण तयार होते. नाव फ्रेंच, बोली क्रिओल. परंतु अळू आणि शेवग्याचा पाला कोकणच्या परसातील जुने सोबती आहेत. भात, त्यावर पातळ वरण, सोबत पाल्याचे कढण आणि तोंडी लावण्यास चटणी. मॉरिशसमधील घराघरांतील हे रोजचे जेवण पाहिले असता पेज-पिठीचा सांगाडा त्यातून स्पष्ट दिसतो.

यापुढचा बदल अधिक खोल होता. तो ऋतूंचा बदल होय. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याने तेथील हिवाळा जून ते सप्टेंबर या महिन्यांत येतो. आपल्या पंचांगातील पौष महिना तेथे भर उन्हाळ्यात आणि चक्रीवादळांच्या दिवसांत पडतो. थंडीत अंगात ऊब यावी म्हणून ज्या तिळाची योजना केली, तो तिळगूळ तेथे घामाच्या धारांत वाटावा लागला. लोकांनी सण सोडला नाही. पण सणाचे अन्न आणि आकाशातील ऋतू यांची फारकत झाली, आणि ती पिढ्यानुपिढ्या तशीच राहिली.

उलट तेथील खरा हिवाळा म्हणजे ऊसतोडणीचा हंगाम. तोडणी साधारणपणे जूनमध्ये सुरू होऊन वर्षाच्या अखेरीपर्यंत चाले. पठारावरील व्हाकोआ, हेन्रिएटा या भागांत त्या दिवसांत बोचरा वारा आणि रिमझिम पाऊस असतो. अशा पहाटे माणसे कोयता घेऊन शेतावर निघत. एक दिवस गैरहजेरी झाली तर दोन दिवसांचे वेतन कापण्याची ‘डबल कट’ नावाची पद्धत तेथे होती. तिच्यासह मजुरांच्या अनेक तक्रारींचा अर्ज अडॉल्फ द प्लेव्हित्झ याने १८७१ साली ९,४०१ सह्यांनिशी गव्हर्नराकडे दिला, आणि १८७२ मध्ये रॉयल कमिशन नेमावे लागले. हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे पहाटेच्या त्या ऊन कढणाचे मोल कळते. आजारी पडणे परवडत नव्हते. घरातील स्त्री अंधारात उठून चूल पेटवी, ती चवीच्या हौसेने नव्हे. तोडणीस जाणाऱ्या माणसाच्या अंगात दुपारपर्यंत धग राहावी म्हणून पेटवी. पुष्कळदा तीही तयार होऊन त्याच शेतावर जाई. ‘मळ्यावरचे जेवण’ हे शब्द ज्यांना लाजिरवाणे वाटतात त्यांनी हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आणावे.

नव्या ऋतुचक्राने एक देणगीही दिली. गणेशचतुर्थी तेथे हिवाळा सरतासरता येते. हेन्रिएटा येथे १८९६ पासून गणपती बसविला जात असल्याची परंपरा सांगितली जाते, आणि आज तो सण त्या देशात सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. त्या गार हवेत उकडीच्या मोदकाची वाफ किती सुखाची वाटत असेल! अशा रीतीने थंडीचे गोड म्हणून तिळगुळाची जागा मोदकाने घेतली, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या चुलीची आणखी एक परीक्षा पाहिली. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. बेटावर मका, गव्हाचे पीठ आणि ‘मान्योक’ म्हणजे कसावाचा कंद यांवर दिवस काढावे लागले. कंदाचे तुकडे कांदा-टोमॅटोबरोबर शिजवून केलेली घट्ट ‘कत-कत’ अनेक घरांचा आधार झाली. भोजपुरी शेजाऱ्यांची दालपुरी तर तोवर सर्वांचीच झाली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे जेवण ‘खरे मराठी’ आहे काय? जे मित्र पुण्यामुंबईहून थेट येथे आले आहेत, त्यांच्या ताटाकडेही याच कसोटीने पाहू. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका आणि शेंगदाणा हे सारे मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या व इतरांच्या जहाजांतून ते आपल्याकडे आले. ज्या शेंगदाण्यावाचून आज तिळाचा लाडू पुरा होत नाही, तोही परदेशीच. आणि एकादशीला आपण श्रद्धेने खातो तो साबुदाणा? तो कसावाच्याच कंदापासून तयार होतो. म्हणजे मॉरिशसच्या मजुराने युद्धकाळात पोट भरले तो ‘मान्योक’ आणि महाराष्ट्रातील उपवासाचे ताट यांचे मूळ एकच आहे. मग एकास पावित्र्य आणि दुसऱ्यास लाज, हा न्याय कोणता? स्वयंपाकाचे मराठीपण वस्तूंच्या जन्मस्थानावर ठरत नाही. हाती आलेल्या वस्तूला आपल्या रीतीने शिजविण्यात आणि पंगतीला बसलेल्यास पोटभर वाढण्यात ते आहे.

आपल्या या गावाचाही इतिहास याला साक्षी आहे. या खोऱ्यात मायकेल मरे, जेरेमिया फॅलन अशा आयरिश कुटुंबांनी घरे केली, १८५९ साली सेंट रेमंडचे लाकडी चर्च बांधले, आणि त्यांच्या मायदेशाच्या राजधानीचे नाव गावास लाभले. १९८२ मध्ये ते रीतसर शहर झाले. ज्या बटाट्यावर गरीब आयर्लंड जगत होते तोही अमेरिकेतूनच गेलेला, आणि १८४५ पासून त्यावर रोग पडून दुष्काळ झाला तेव्हा सुमारे दहा लाख माणसे दगावली व त्याहून अधिक देशोधडीस लागली. कोकणातील आणि बिहारातील माणसे मॉरिशसच्या बोटीत चढत होती ती याच दशकात. भुकेने घर सोडलेल्यांची आणि परक्या मातीत चूल मांडलेल्यांची ही भूमी आहे. येथे कोणी आपले पातेले कडेला ठेवण्याचे कारण नाही.

डब्लिनमध्ये येऊन आपल्या घराण्यांच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट घडली आहे. आपण पुन्हा उत्तर गोलार्धात आलो. पौष महिना पुन्हा थंडीचा झाला. पणजोबांच्या पिढीपासून उकाड्यात वाटला गेलेला तिळगूळ आपली मुले कुडकुडत्या हातांनी घेत आहेत. तुटलेला मेळ चार-पाच पिढ्यांनी जुळला आहे. तथापि तो जुळला म्हणून मधला काळ पुसून टाकावयाचा नसतो. कुळथाची पिठी पुन्हा अवश्य करावी, कुळीथ येथील हिंदी दुकानांतून मिळतो. परंतु त्याच रात्री शेजारच्या शेगडीवर शेवग्याच्या पाल्याचे कढणही उकळत असावे. एक आपल्या गावाचे, दुसरे आपल्या श्रमाचे.

शेवटी एक विनंती. आपल्या घरातील वृद्ध स्त्रियांना हे पदार्थ तोंडपाठ आहेत, पण ते कागदावर फारसे उतरलेले नाहीत. त्यांच्या पिढीबरोबर ते गेले तर कोणत्याही ग्रंथालयात सापडणार नाहीत. या हिवाळ्यात एखाद्या रविवारी त्यांच्याजवळ बसा. प्रमाण, कृती आणि क्रिओल नावे जशीच्या तशी लिहून घ्या, आणि तो पदार्थ कोणत्या मळ्यावर, कोणाच्या हातचा खाल्ला होता हेही विचारा. येत्या संक्रांतीच्या सहभोजनात त्या बाईंचे पातेले मेजाच्या मध्यभागी असावे, आणि तिळगुळानंतर पहिली वाटी त्यातली भरली जावी, एवढीच इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करतो.