गरिबाचा पणजोबा कागदावर कधी येतो?

इंग्लंडमधल्या एका सहकाऱ्याने परवा सहज सांगितलं की त्याला आपल्या घराण्यातला सतराव्या शतकातला एक विणकर सापडला. राजेरजवाडे नव्हेत, साधा हातमागवाला. तिकडे १५३८ साली प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम झाला. त्यामुळे माणूस गरीब असला तरी जन्मला, लग्न झालं आणि मेला, एवढं तरी कागदावर राहिलं.

आपल्याकडे काय? सांगली-कोल्हापूरकडच्या मंडळींना हेळवी माहीत असतील. बैलावर वह्या लादून गावोगाव फिरायचे आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवायचे. पण ज्या घरून धान्य मिळेल त्याच घराची वंशावळ. ज्याच्या घरातच धान्य नाही त्याची वही कोण ठेवणार?

आमचे पणजोबा तासगाव तालुक्यातले. जमीन नाही, दुसऱ्याच्या मोटेवर राबणारे. त्यांचा माग काढताना पहिला प्रश्न इतिहासाचा नाही, भूगोलाचा होता. आज तासगाव सांगली जिल्ह्यात आहे. पण १९४९ पर्यंत ते सातारा जिल्ह्यात होतं. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. खुद्द सांगली शहर १९४८ पर्यंत पटवर्धनांचं संस्थान. म्हणजे दोन शेजारच्या गावांचे जुने कागद दोन वेगळ्या राज्यकारभारांतले असू शकतात. शोधायला निघण्यापूर्वी आपलं गाव तेव्हा कोणाकडे होतं, हे आधी बघावं.

तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात आपल्या कामाची वस्तू म्हणजे गाव नमुना नंबर १४, जन्म-मृत्यूची नोंदवही. यात जात लिहिलेली असते. आडनाव बहुधा नसतं. "अमुक बिन तमुक" म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, आणि "अमुक कोम तमुक" म्हणजे तमुकची बायको. जन्माच्या नोंदीत तर बाळाचं नावही पुष्कळदा नसतं, नुसतं "मुलगा". आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर या टेबलला प्रायमरी की नाही! एकाच गावात एकाच नावाचे चार बाप निघाले की बसा डोकं खाजवत. मृत्यूच्या कारणाचंही तसंच. १९१८ च्या इन्फ्लुएंझात लाखो माणसं गेली, पण सरकारी नोंदींत त्यातली बहुतेक नुसत्या "तापाने" गेलेली दिसतात.

त्याच्या मागे गेलात की मोडी लागते, आणि तारखांची गंमतही. पेशवाईतला कागद "खमस सबैन मया व अलफ" असं वर्ष सांगतो. पाच, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७५. त्यात ५९९ मिळवले की १७७४-७५.

आता न्यायाचे कागद. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे यायचा आणि निवाड्याचा महजर व्हायचा. त्यावर पाटलाची निशाणी नांगर, आणि लिहिता न येणाऱ्या बलुतेदारांची निशाणी म्हणजे आपापलं हत्यार. कष्टकरी माणसाची ही एका परीने सहीच. पण तो तिथे आला कशामुळे? वतनाच्या भांडणात त्याची साक्ष हवी होती म्हणून.

इंग्रजी अमलात तर फारच सविस्तर नोंदी झाल्या, पण कोणाच्या? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला. जमातच्या जमात गुन्हेगार ठरवून माणसांची नावनिशी, बोटांचे ठसे, हजेरी, सगळं लिहून ठेवलं. हा कायदा रद्द झाला १९५२ साली.

तर मुद्दा असा की गरीब माणूस कागदावर येतो तो कोणालातरी त्याच्याकडून काही हवं असतं तेव्हा. सारा, वेठ, साक्ष नाहीतर हजेरी. त्याला स्वतःला काय हवं होतं, याचं सदरच नाही.

हा नुसता रविवारचा छंद असता तर हळहळून सोडून दिलं असतं. पण महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागतो तो अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा गावोगावचे लोक याच वह्यांमागे लागले. ज्याचं गाव ठरलेलं त्याला निदान वही तरी आहे. पण ज्याचा आजा पालं टाकत फिरला, त्याने कोणत्या गावचा नमुना १४ मागायचा? ज्यांची नोंद आपण कधी ठेवली नाही, त्यांच्याकडेच आपण आज नोंद मागतो. आणि त्यांच्यातल्या कुणाची सापडलीच, तर कदाचित पोलिसांच्या हजेरीपटात. ज्या कागदाने आजोबाला चोर ठरवलं तोच नातवाने जपून ठेवायचा!

असो. तुम्हाला शोध घ्यायचा असेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या आत्याला विचारा. गाव, जुना तालुका, आजीचं माहेर, कोणाच्या शेतावर कामाला होते ते. लगेच लिहून ठेवा. कचेरीतली वही अजून थोडी वर्षं टिकेल. आत्याचा भरवसा नाही.