वस्त्राची दशा आणि पेशीची दशा

मुंबईहून सुरतेस जाणाऱ्या लोहमार्गावर सचिन मागे पडले, की उधन्याच्या अलीकडे भेस्तान हे स्थानक लागते. हा परिसर यंत्रमागांचा. धुळे, जळगाव, नंदुरबार या बाजूंनी पोटासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरतेच्या या अंगास स्थायिक झाली आहेत. कापडाशी रोजचा संबंध असणाऱ्यास एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही, ती ही की, वस्त्र कितीही घट्ट विणले तरी त्याचा शेवट मोकळा ठेवला तर ते तेथूनच उसवू लागते. म्हणून पदराच्या टोकास उभे धागे सोडून त्यांना गाठी मारतात. त्या धाग्यांना आपण दशा म्हणतो. संस्कृतात हाच शब्द वस्त्राचे टोक आणि मनुष्याची अवस्था या दोन्ही अर्थांनी योजिला जातो. शरीरातील सूक्ष्म धाग्यांच्या टोकांवर मनुष्याची अवस्था काही अंशी अवलंबून असते, हे गेल्या शतकात विज्ञानाने दाखवून दिले. त्या शोधाचा इतिहास प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे.

आपल्या बहुतेक पेशींच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. प्रत्येक गुणसूत्र म्हणजे डीएनएचा एक दीर्घ दुहेरी धागा होय. या धाग्याच्या टोकांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम वेधले ते क्ष-किरणांमुळे. हर्मन म्यूलर यांनी फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून त्यांची गुणसूत्रे तोडली, तेव्हा तुटलेले तुकडे परस्परांस जोडले जात. परंतु गुणसूत्राचे मूळचे टोक मात्र कशालाही जोडले जात नसे. या टोकांस त्यांनी १९३८ साली टेलोमिअर असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ शेवटचा भाग असा होतो. त्याच सुमारास बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्याच्या गुणसूत्रांत हेच आढळले. तुटलेली टोके एकमेकांस चिकटत, पेशी विभागताना पुन्हा तुटत व पुन्हा चिकटत. नैसर्गिक टोके मात्र शांत राहत. सारांश, तुटलेले टोक आणि खरे टोक यांतील भेद पेशीला कळतो, हे त्या काळीच सिद्ध झाले. तो कसा कळतो, हे समजण्यास मात्र साठ वर्षे लागली.

मधल्या काळात एक निराळेच कोडे पुढे आले. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी असे दाखविले की, प्रयोगशाळेत वाढविलेल्या मनुष्याच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा विभागून थांबतात. याचे कारण रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह यांना मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर सुचले, असे सांगतात. आगगाडी रुळांच्या शेवटाशी येऊन थांबली, की तिच्याखालचा रूळ झाकलेलाच राहतो. तद्वत् डीएनएची नक्कल करणारे यंत्र टोकाचा थोडा भाग उतरवू शकत नाही. म्हणून प्रत्येक विभाजनागणिक धागा आखूड होत जातो. हा विचार त्यांनी १९७१ मध्ये मांडला.

पुढे १९७८ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न व जोसेफ गॉल यांनी टेट्राहायमेना या पाण्यातील एकपेशीय जीवाच्या गुणसूत्रांच्या टोकाशी सहा अक्षरांचा एकच पाठ पुनःपुन्हा आढळतो, असे दाखविले. मनुष्यात हा पाठ टीटीएजीजीजी असा आहे, हे १९८८ मध्ये कळले. दरम्यान १९८४ च्या नाताळच्या दिवशी कॅरल ग्रायडर यांना तो पाठ पुन्हा जोडून देणाऱ्या टेलोमरेज या विकराचा पुरावा मिळाला. ब्लॅकबर्न, ग्रायडर व जॅक शोस्टॅक यांना या कार्यासाठी २००९ चे नोबेल पारितोषिक लाभले.

येथपर्यंतची कथा लांबीची झाली. परंतु दशा किती लांब आहेत एवढ्यावर पदर टिकत नाही. त्यांस गाठ मारली आहे की नाही, हेही पाहावे लागते. ही गाठ १९९९ साली दृष्टीस पडली. जॅक ग्रिफिथ आणि टिटिया डि लांज यांच्या चमूने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मानवी टेलोमिअर पाहिले, तेव्हा त्यांचे टोक मागे वळून स्वतःच्याच दुहेरी धाग्यात खुपसलेले आढळले. धाग्याच्या अखेरीस एकेरी उरलेला भाग आत दडतो आणि एक फास तयार होतो. या फासाभोवती सहा प्रथिनांचा समूह बसलेला असतो. त्यास २००५ पासून शेल्टरिन, म्हणजे आश्रय देणारे, असे नाव रूढ झाले. त्यांपैकी टीआरएफ-२ हे प्रथिन काढून घेतले, तर फास सुटतो आणि गुणसूत्रे टोकास टोक लावून जोडली जातात. म्यूलर व मॅक्लिंटॉक यांच्या प्रश्नास हे उत्तर होते. पेशीस भेद कळतो, कारण खरे टोक तिच्या नजरेस पडतच नाही. ते झाकलेले असते.

आता या झाकलेल्या टोकासच इजा झाली तर? आपण श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनापासूनच पेशीत काही उपद्रवी रेणू निर्माण होतात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानीन, म्हणजे जी हे अक्षर, यांना सर्वांत लवकर बळी पडते. आणि टेलोमिअरच्या सहा अक्षरांत तीन जी आहेत. ग्वानीन बिघडले, की शेल्टरिनमधील प्रथिनांची धाग्यावरील पकड सैल होते, असे पॅट्रिशिया ओप्रेस्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखविले. गाठ बांधणारा हातच ढिला पडावा, तसा हा प्रकार होय.

याहून चिंतनीय गोष्ट पुढे उघड झाली. गुणसूत्राच्या मध्यभागी धागा तुटला तर पेशी तो बहुधा सांधते. टेलोमिअरमध्ये तुटला तर ती तुट दीर्घकाळ तशीच राहते, असे २०१२ साली फाब्रित्सिओ द'अड्डा दि फागान्या यांच्या चमूने प्रसिद्ध केले. याचे कारण असे की, दोन खरी टोके चुकून जोडली जाऊ नयेत म्हणून शेल्टरिन तेथे सांधण्याच्या कामास मज्जाव करते. ज्या पहाऱ्याने टोकाचे रक्षण होते, तोच पहारा खऱ्या जखमेवरील उपचारही अडवितो. मग पेशीत धोक्याची सूचना चालूच राहते आणि अखेर ती विभागणे थांबविते. २०२२ मध्ये ओप्रेस्को यांच्या प्रयोगशाळेत केवळ टेलोमिअरमधील ग्वानीन प्रकाशाच्या साहाय्याने बिघडविण्यात आले. तेव्हा धागा आखूड न होताही मानवी पेशींना काही दिवसांतच अकाली वार्धक्य आले.

आपल्या देशातही या प्रश्नाकडे लक्ष दिले गेले आहे. केरळच्या किनाऱ्यावर चवरा-नींदकरा भागात मोनाझाइटयुक्त वाळूतील थोरियममुळे नैसर्गिक किरणोत्सार अधिक आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तेथील प्रौढांच्या टेलोमिअरची लांबी मोजून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि पुढे नवजात बालकांचीही पाहणी केली. या किरणोत्सारामुळे लांबी घटल्याचे आढळले नाही. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांच्या दृष्टीने ही दिलाशाची गोष्ट आहे. तथापि लांबी मोजणे आणि टोकाची रचना पाहणे ही दोन भिन्न कामे आहेत, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

अलीकडे टेलोमिअरची लांबी मोजून देहाचे वय सांगणाऱ्या चाचण्या पैसे घेऊन करून मिळतात. ज्या घरात एखादा कर्ता पुरुष चाळिशीतच थकलेला दिसतो, तेथे अशा आकड्यावर सहज विश्वास बसेल. वरील इतिहास मात्र सावध राहण्यास सांगतो. लांब टेलोमिअरही आतून जखमी असू शकतो. उलट, लांबी वाढविणारे टेलोमरेज बहुतेक कर्करोगांच्या पेशींत जागे झालेले असते. तेव्हा धागा वाढविणे म्हणजे आयुष्य वाढविणे, असे समीकरण मांडता येत नाही. तंबाखूच्या धुरासारख्या ज्या गोष्टी पेशीतील उपद्रवी रेणू वाढवितात, त्यांपासून दूर राहणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यास कोणत्याही चाचणीची आवश्यकता नाही.

भेस्तानच्या विणकराने कापड हाती घेतले, तर तो त्याची लांबी मोजील हे खरे. पण तेवढ्यावर तो थांबणार नाही. त्याचे टोक बोटांत धरून तो ते घट्ट आहे की उसवते आहे, हे पाहील. विज्ञानास ही दृष्टी येण्यास म्यूलर यांच्या माश्यांपासून पाऊण शतकाहून अधिक काळ लागला.