परक्या घरांतील मॅक

श्रोतेहो, परगांवीं नवें बिऱ्हाड केलेल्या गृहस्थाचा पहिला दिवस डोळ्यांपुढें आणा. घर मिळालें, ट्रंका उतरल्या, दाराला कुलूपही लागलें. परंतु पाणी केव्हां येतें, दूध कोण घालतो, दिव्याचें बटण कोणत्या भिंतीवर आहे, यांतलें कांहींच ठाऊक नसतें. जागा झाली, पण संसार सुरू झाला नाहीं. मॅकओएस ही अ‍ॅपल कंपनीची कार्यप्रणाली साध्या पीसीवर बसविणाऱ्या हौशी मंडळींची स्थिति अगदीं अशीच होत असे. पडद्यावर मॅकचें चित्र उमटे. पण यंत्र मुकें असे, इंटरनेट लागत नसे, आणि एकदां झोपीं गेलेलें यंत्र पुन्हां जागें होईलच असा भरंवसा नसे. हा उरलेला संसार मांडून देणाऱ्या साधनांची हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा आरंभ ६ जून २००५ रोजीं झाला. त्या दिवशीं सॅन फ्रान्सिस्को येथें स्टीव्ह जॉब्स यांनीं जाहीर केलें कीं, यापुढें मॅकमध्यें पॉवरपीसीऐवजीं इंटेलचे प्रोसेसर बसतील. जानेवारी २००६ मध्यें असे पहिले मॅक आलेही. मॅकचा आणि पीसीचा मेंदू आतां एकाच जातीचा झाला. मग मॅकची प्रणाली स्वस्त पीसीवर कां चालूं नये, असा प्रश्न हौशी लोकांस पडला. त्यांतून निघालेल्या यंत्रांना हॅकिंटॉश हें नांव मिळालें. ही प्रणाली अ‍ॅपलच्याच यंत्रावर बसवावी, अशी अट अ‍ॅपलच्या परवान्यांत मात्र होती व आहे. सायस्टार नांवाच्या फ्लॉरिडांतील कंपनीनें २००८ सालीं अशीं यंत्रें तयार करून विकावयास काढलीं. अ‍ॅपलनें दावा लावला आणि २००९ अखेर न्यायालयानें त्या विक्रीस कायमची मनाई केली. घरोघरची खटपट मात्र चालूच राहिली.

तिच्यांतली खरी अडचण ड्रायव्हरची. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि यंत्राचा एखादा भाग यांच्यामधला दुभाषा. अ‍ॅपल मोजकींच यंत्रें बनविते, म्हणून मॅकओएसपाशीं दुभाषेही मोजकेच. पीसीचे भाग नाना कारखान्यांचे. त्यांतील बऱ्याच भागांची भाषा त्या दुभाष्यांना येत नाहीं. शिवाय त्या काळच्या मॅकमध्यें एसएमसी नांवाची एक चिप असे. ती न सांपडल्यास प्रणाली चालण्यास तयार होत नसे. तेव्हां हौशी प्रोग्रॅमरांनीं त्या चिपचें सोंग घेणारा फेकएसएमसी लिहिला, ध्वनीसाठीं व्हूडूएचडीए लिहिला. ज्यानें त्यानें हे तुकडे शोधावे, हातानें आज्ञा देऊन योग्य जागीं ठेवावे, आणि एखादी चूक झाली कीं काळ्या पडद्यासमोर बसून पुन्हां आरंभ करावा, असा क्रम होता.

२०१० सालीं मल्टिबीस्ट हें साधन आलें आणि हे विखुरलेले दुभाषे एका पेटींत गोळा झाले. पडद्यावर यादी येई: ध्वनि, नेटवर्क, डिस्क, बूटलोडर. आपल्या मदरबोर्डाला लागणाऱ्या ओळींवर खुणा कराव्या, एक बटण दाबावें, यंत्र पुन्हां सुरू करावें. आणि मुक्या यंत्राला वाचा फुटे! प्रोग्रॅमिंगचें अक्षरही न येणाऱ्यांना त्यामुळें हें काम साधलें, हें त्याचें मोठें श्रेय.

पण मी आयुष्यभर खडू झिजविलेला मास्तर. मला यांत गाइडाची आठवण होते. गाइडांतलीं उत्तरें पाठ करणारा मुलगा घटक चांचणींत पहिला येई. परीक्षेंत गणितांतले आंकडे बदलले कीं तोच पाटीकडे बघत बसे. खुणा करून यंत्र चालविणाऱ्यांचें असेंच झालें. मॅकओएसची नवी आवृत्ति आली कीं बसविलेले ड्रायव्हर निकामी होण्याचा संभव असे, आणि आपण नेमकें काय, कोठें ठेविलें, हेंच त्यांना ठाऊक नसे. पुढें २०१५ सालीं अ‍ॅपलनें प्रणालीच्या मुख्य भागांत ढवळाढवळ करण्यास अटकाव केला. २०२० सालीं तर तो भाग मोहोरबंद झाला. २०१९ सालीं आलेल्या ओपनकोअरची रीत निराळी होती. त्यांत ड्रायव्हर प्रणालीबाहेर ठेवून यंत्र सुरू होतांना पुरविले जात. परंतु प्रत्येक ओळ आपण वाचून, समजून भरावी लागे. काम कष्टाचें, पण ज्यानें तें केलें त्याला आपलें यंत्र कळलें.

आतां या प्रकरणाचा शेवट दिसूं लागला आहे. २२ जून २०२० रोजीं अ‍ॅपलनें इंटेल सोडून स्वतःच्या चिपा वापरण्याचें जाहीर केलें, आणि २०२५ सालची टाहो ही इंटेल मॅकसाठीं शेवटची आवृत्ति ठरली. मेंदूचें तें साम्य संपलें, तेव्हां हा मार्गही बंद होणार. पेटी उघडून खुणा करणाऱ्यांच्या हातीं एक जुनें यंत्र उरेल. दुभाष्यांची भाषा ज्यांनीं स्वतः शिकून घेतली, त्यांची विद्या मात्र दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर कामीं येईल. आपल्या घरांतील मुलें असल्या खटपटी करीत असतील, तर त्यांना रागें भरण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: “बाळा, हें चाललें कसें, तें मला समजावून सांगशील का?”