क्रीडामोटार : सस्पेन्शन व चाके यांतील फेरफार

क्रीडामोटारीच्या स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, अँटी-रोल बार, रिमा व टायर हे कारखान्याने बसविलेले भाग काढून त्यांच्या जागी निराळ्या मापाचे वा गुणाचे भाग बसविणे, किंवा आहे त्याच भागांची जुळणी बदलून वळणावर, ब्रेक लावताना व वेग घेताना गाडीच्या वर्तनात इष्ट तो पालट घडविणे, याचा या नोंदीत विचार केला आहे. उदाहरणादाखल जपानमधील हिरोशिमाच्या माझदा कंपनीची एमएक्स-5 ही गाडी घेणे सोयीचे आहे. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम मांडली गेलेली ही दोन आसनांची उघडी गाडी जपानी बाजारात अवघी 940 किग्रॅ. वजनाची होती, चारही चाकांना दुहेरी विशबोनचे (त्रिकोणी भुजांचे) स्वतंत्र सस्पेन्शन, 14 इंची रिमा आणि पुढच्या-मागच्या आसांवर जवळजवळ सारखा विभागलेला भार, ही तिची वैशिष्ट्ये होत. कॉलिन चॅपमन यांच्या 1962 च्या लोटस एलानचा आदर्श तिच्या निर्मात्यांपुढे होता, आणि एलानची किमया ताठ स्प्रिंगांत नसून हलके वजन, मऊ स्प्रिंगा व चाकाला वरखाली हालण्यास दिलेली ऐसपैस मुभा यांत होती, ही गोष्ट फेरफार करू इच्छिणाऱ्याने आरंभीच ध्यानात घ्यावी.

गाडी रस्त्याला जी काही धरून असते ती चार टायरांच्या तळहाताएवढ्या स्पर्शक्षेत्रांनीच. टायरवरील भार वाढला की त्याची पकडही वाढते, परंतु त्या प्रमाणात नव्हे. भार दुप्पट केला तर पकड दुपटीहून कमीच भरते. वळणावर आतल्या चाकांवरील भार बाहेरच्या चाकांवर जातो, तेव्हा बाहेरचे चाक जितके कमावते त्याहून आतले अधिक गमावते, आणि आसाची एकूण पकड घटते. हे भारांतरण किती होईल हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील आडवे अंतर आणि वळणाची तीव्रता या चार बाबींवरून ठरते. चालकासह 1000 किग्रॅ. वजन, 45 सेंमी. उंचीवर गुरुत्वमध्य आणि 1.41 मी. आडवे अंतर धरले, तर गुरुत्वत्वरणाच्या आठ-दशांश तीव्रतेच्या वळणावर सुमारे 255 किग्रॅ. भार आतून बाहेर सरकतो. हीच गाडी 3 सेंमी. खाली बसविली, तर तो आकडा 238 च्या आसपास येतो. ज्या लाभासाठी स्प्रिंगा बदलण्याचा खर्च व खटाटोप केला जातो, तो लाभ असा पंधराव्या हिश्शाचा आहे.

ताठ स्प्रिंगांनी वा जाड अँटी-रोल बारने (एकाच आसाची दोन चाके जोडणाऱ्या दांडीने) भारांतरण कमी होते, हा समज फार रूढ आहे. वस्तुतः गाडीचे कलणे तेवढे कमी होते. एकूण भारांतरण जवळजवळ तेवढेच राहते, आणि बदलते ती त्याची पुढच्या व मागच्या आसांमधील वाटणी. पुढचा बार जाड केला की पुढच्या आसाच्या वाट्याला अधिक भारांतरण येते, पुढची पकड आधी संपते आणि गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते, यास अंडरस्टिअर म्हणतात. मागचा बार जाड केला तर उलट मागचा भाग बाहेर फिरू लागतो, तो ओव्हरस्टिअर. बारचा ताठपणा व्यासाच्या चतुर्थ घाताने वाढत असल्यामुळे 19 मिमी.ची भरीव दांडी काढून 22 मिमी.ची घातली असता, केवळ तीन मिलिमीटरांच्या तफावतीने ताठपणा सुमारे 1.8 पट होतो. म्हणून एका टोकाचा बार बदलून दुसऱ्या टोकाचा हिशेब न पाहणे हे धोक्याचे आहे.

गाडी खाली बसविण्यात आणखी एक दोष संभवतो, आणि एमएक्स-5 मध्ये तो विशेष जाणवतो. तिच्या शॉक ॲब्सॉर्बरच्या दांडीवर बंप स्टॉप नावाचा लवचीक ठोकळा असतो. चाक फार वर आले की आघात झेलणे हे त्याचे काम. आखूड स्प्रिंगांमुळे चाकाची वर येण्याची जागाच संपुष्टात आली, तर भर वळणात एखादा उंचवटा लागताच मागचा ठोकळा दाबला जातो, त्या कोपऱ्याचा ताठपणा क्षणात अनेक पटींनी वाढतो, आणि तोवर आज्ञाधारकपणे चाललेली गाडी मागून एकाएकी सुटते. चालकाला याची पूर्वसूचना मिळत नाही. शिवाय स्प्रिंगचा ताठपणा दुप्पट केला, तर शॉक ॲब्सॉर्बरचे शमनही सुमारे 1.4 पट हवे. जुन्याच शॉक ॲब्सॉर्बरवर ताठ स्प्रिंगा चढविलेली गाडी खडबडीत रस्त्यावर उसळत राहते, आणि हवेत असलेल्या टायरला पकड कोठून असणार?

चाकांच्या बाबतीत मूळ माप 185/60आर14 (मिमी.तील रुंदी, रुंदीच्या टक्केवारीत बाजूची उंची व रिमेचा इंची व्यास) असे होते. त्याऐवजी 195/50आर15 घेतले तर चाकाचा एकूण व्यास 578 मिमी.वरून 576 मिमी. होतो, म्हणजे जवळजवळ तोच राहतो. टायरची बाजू मात्र 111 मिमी.वरून साडेसत्त्याण्णववर येऊन कमी लवते, आणि स्टेअरिंगला मिळणारा प्रतिसाद तत्पर होतो. हा बदल सयुक्तिक आहे. परंतु 205/40आर17 घातल्यास व्यास सुमारे 596 मिमी. होतो, गिअर तीन टक्क्यांनी लांबतो, वेगमापक तेवढाच कमी वेग दाखवितो, आणि बाजू 82 मिमी. उरल्याने खड्ड्याचा मार थेट रिमेवर बसतो. मोठी रिम बहुधा जडही असते. स्प्रिंगखालचे हे वजन जितके अधिक तितके चाक रस्त्याच्या चढउतारांना सावकाश अनुसरते. त्यातही परिघाजवळचे वजन गाडीसह पुढे जाते व स्वतःभोवती फिरतेही, म्हणून वेग घेताना ते जवळपास दुपटीने मोजावे लागते. रिमेचा ऑफसेट, म्हणजे रिमेच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या तिच्या पृष्ठभागाचे अंतर, हा तपशील तर बहुतेकांच्या दृष्टीतून निसटतो. मूळ 45 मिमी.च्या जागी 25 मिमी. ऑफसेटची रिम बसविली की चाकाचा मध्य 20 मिमी. बाहेर सरकतो, बेअरिंगवरचा ताण वाढतो, आणि विषम रस्त्यावर ब्रेक लावताच स्टेअरिंगला झटके बसू लागतात.

अलाइनमेंटचा फेरफार सर्वांत कमी खर्चाचा, आणि त्याची सोय कारखान्यानेच करून ठेवली आहे : खालच्या विशबोनच्या मुळाशी असलेले विकेंद्री बोल्ट फिरवून चारही चाकांचा कल (कॅम्बर) व मागच्या चाकांचा रोख (टो) बदलता येतो. पुढच्या चाकांना किंचित अधिक ऋण कॅम्बर, म्हणजे वरच्या बाजूने आतला कल, दिल्यास गाडी कललेली असतानाही बाहेरचा टायर सपाट टेकतो. मागच्या चाकांना थोडा टो-इन, म्हणजे पुढून आतला रोख, दिल्यास मागचा भाग स्थिर राहतो. उंची बदलली की हे सर्व कोन बदलतात. म्हणून स्प्रिंगा बदलल्यावर अलाइनमेंट नव्याने करून घेणे अपरिहार्य आहे.

कायद्याचे बंधन देशपरत्वे निराळे आहे. जपानमध्ये गाडीचा तळ जमिनीपासून किमान 9 सेंमी. उंच असावा लागतो. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणीच्या दाखल्यातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मनाई आहे. या कलमाची मर्यादा सांभाळूनही जो आपल्या गाडीत सुधारणा करू इच्छितो, त्याने प्रथम मूळ मापाचे उत्तम टायर घ्यावेत, मग जीर्ण रबरी बुश बदलावेत, त्यानंतर अलाइनमेंट करावी आणि मग चांगले शॉक ॲब्सॉर्बर बसवावेत. स्प्रिंगांना हात सर्वांत शेवटी लावावा.