उष्माग्राही आणि उष्मादायी : बल्लारपूरच्या संदर्भात दोन संज्ञांचा विचार

शास्त्रीय संज्ञेचा इतिहास हा अभ्यासकाचे लक्ष कोठून कोठे वळले याचाही इतिहास असतो. 'उष्माग्राही' व 'उष्मादायी' या जोडीच्या परीक्षणास बल्लारपूरचा कागदउद्योग सोयीचा आहे.

१९४५ साली स्थापन झालेल्या या उद्योगाने तत्कालीन चांदा जिल्ह्यातील बांबूपासून कागद केला. बांबू शिजविण्यास कॉस्टिक सोडा लागतो. वापरलेला सोडा चुन्याच्या साह्याने पुन्हा सिद्ध करता येतो.

चुन्याविषयी मराठीत दोन जुनी क्रियापदे आहेत. चुनखडी 'भाजली' की कळीचा चुना मिळतो. पाणी पडले की तो 'विरतो'. ही क्रियापदे पदार्थाचे रूपांतर सांगतात, उष्णतेचा हिशेब सांगत नाहीत. ५६ ग्रॅम कळीचा चुना होताना सुमारे १७८ किलोजूल उष्णता शोषली जाते. तो विरताना सुमारे ६५ किलोजूल बाहेर पडते. उरलेली ११३ किलोजूल, विरलेला चुना गिलाव्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीरूप होताना सावकाश बाहेर पडते. १८४० मध्ये हेस यांनी मांडलेला नियम हाच : एकूण उष्णता आरंभ व शेवट यांवर अवलंबून असते, मार्गावर नव्हे.

संस्कृत 'ग्रह्' व 'दा' या धातूंवरून घडलेल्या संज्ञांनी ही देवघेव भाषेत आणली. तथापि 'दायी' म्हणजे आपोआप सुरू होणारी, असा अर्थ घेऊ नये. बांबू शिजविल्यावर उरणारा काळा द्रव जळताना बॉयलरला उष्णता पुरवितो खरा. परंतु तो आधी आटवावा व पेटवावा लागतो. म्हणून अध्यापनात प्रथम 'भाजणे' व 'विरणे' दाखवावे, हिशेब मांडावा आणि मगच संज्ञा द्यावी, हे इष्ट होय.